हौशी रेडिओ केंद्रांचा व्यत्यय : तक्रारीची भाषा आणि कारणाची परीक्षा

भाषाविज्ञानाच्या विभागपत्रिकेत रेडिओतील व्यत्ययावर लेख यावा, याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. विषय वस्तुतः बिनतारी विद्येचा. त्याची उपपत्ती अभियंत्यांनी मांडावी आणि त्याचे नियम शासनाने करावेत. तथापि या विषयाचा प्रारंभ प्रयोगशाळेत होत नाही. तो होतो एका सामान्य माणसाने उच्चारलेल्या एका वाक्यापासून. आपल्या जिल्ह्यातील बोलीत ते वाक्य पुढीलप्रमाणे होईल : ‘त्या तारंमुळं आमचा रेडू नीट वाजंना.’

या एका वाक्यात दोन भिन्न व्यापार एकवटले आहेत. ‘रेडू नीट वाजंना’ हे वर्णन होय; ‘तारंमुळं’ हा निर्णय होय. वर्णन करण्याचा अधिकार ऐकणाऱ्याचा आहे आणि त्यात तो सहसा चुकत नाही. कारण सांगण्याचा अधिकार मात्र परीक्षेवाचून कोणासच प्राप्त होत नाही. छपरावर उभारलेली उंच तार डोळ्यांना दिसते, म्हणून ‘-मुळे’ हे शब्दयोगी अव्यय तिलाच जाऊन चिकटते. विजेच्या खांबावरील तडकलेला चिनीमातीचा दट्ट्या, शेतातील विद्युतकुंपण किंवा घरातलाच एखादा दिवा डोळ्यांस तसा जाणवत नाही, म्हणून तो निर्दोष ठरतो. वर्णन आणि निर्णय वेगळे कसे करावेत, आणि वेगळे केल्यावर निर्णयाप्रत कसे जावे, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. विषयाचे महत्त्व

हौशी रेडिओचालक, ज्यांस व्यवहारात ‘हॅम’ म्हणतात, हे शासनाची परीक्षा देऊन परवाना मिळवतात आणि नेमून दिलेल्या कंप्रतापट्ट्यांवर परस्परांशी संभाषण करतात. त्यांच्या केंद्रास ‘नभोवाणी केंद्र’ म्हणणे योग्य नव्हे. नभोवाणी सर्वांसाठी असते. हौशी केंद्राचे बोलणे दुसऱ्या हौशी केंद्रासाठी असते आणि सार्वजनिक प्रसारणास किंवा व्यापारी संदेशांस तेथे मज्जाव असतो. भारतात या सेवेसाठी १९७८ साली स्वतंत्र नियम करण्यात आले. भारतीय केंद्रांच्या बोधचिन्हांचा आरंभ बहुधा ‘व्हीयू-२’ अथवा ‘व्हीयू-३’ असा असतो.

या छंदाचे मोल धाराशिव जिल्ह्यास विशेष आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारीबरोबरच त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर व भोवतालची गावेही उद्ध्वस्त केली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे मृत्यू पावली. अशा प्रसंगी दूरध्वनीच्या तारा व यंत्रे निरुपयोगी होतात आणि जी थोडी चालू राहतात त्यांच्यावर असह्य भार पडतो. त्या दिवसांत हौशी रेडिओचालकांनी भूकंपग्रस्त भागात येऊन संदेशवहनास साहाय्य केले. एक संच, एक विद्युतघट आणि झाडास बांधलेली एक तार एवढ्या सामग्रीवर शेकडो मैलांवर बोलता येते, ही गोष्ट त्या आपत्तीत उपयोगी पडली.

म्हणून शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे एखादे हौशी केंद्र बंद पडले, तर ती केवळ एका गृहस्थाच्या छंदाची हानी नसते. उलट, आपले केंद्र शेजाऱ्यांस खरोखरच उपद्रव देत असता परवान्याचा कागद दाखवून त्यांस गप्प बसवणारा चालक हा आपल्या छंदाचा शत्रूच होय. जी तार संकटात गावाच्या उपयोगी पडावयाची, तिच्याविषयी गावाचे मन कलुषित होऊ देणे कोणाच्याच हिताचे नाही. दोन्ही बाजूंचे हित कारणाच्या अचूक निदानात आहे.

२. ‘व्यत्यय’ हा शब्द

पदार्थविज्ञानात दोन लहरींच्या एकत्र येण्यास ‘व्यतिकरण’ म्हणतात. आपला विषय तो नव्हे. येथे ‘व्यत्यय’ हाच शब्द उचित आहे. पाणिनीय परंपरेत व्यत्यय म्हणजे एका रूपाच्या जागी दुसऱ्याचे येणे. जे ऐकावयाचे त्याच्या जागी दुसरेच ऐकू येणे, हा अर्थ त्याच्याशी जुळतो. युरिएल वाइनराइश यांच्या १९५३ सालच्या ‘लँग्वेजेस इन कॉन्टॅक्ट’ या ग्रंथानंतर भाषासंपर्काच्या अभ्यासातही व्यत्ययाची संकल्पना रूढ झाली. तेथे ती दोन भाषा बोलणाऱ्या व्यक्तीच्या भाषिक आचरणाविषयी योजिली जाते. कोणत्याही एका भाषेचा दोष म्हणून नव्हे.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ विनियमांतील व्याख्याही याच धर्तीची आहे. नको असलेल्या ऊर्जेचा ग्रहणावर होणारा परिणाम, ज्यामुळे अन्यथा मिळू शकणारी माहिती बिघडते, चुकीची समजते किंवा नष्ट होते, असा तिचा आशय आहे. म्हणजे व्यत्ययाचे स्थान प्रक्षेपकात नसून ग्रहणात आहे. प्रक्षेपक ऊर्जा पाठवतो. व्यत्यय घडतो तो ग्राहक संचात. हेच विनियम व्यत्ययाच्या तीन पायऱ्या मानतात : ठरलेल्या मर्यादेत बसणारा तो अनुज्ञेय, त्याहून अधिक, परंतु संबंधित देशांनी परस्परसंमतीने मान्य केलेला तो स्वीकृत, आणि सुरक्षिततेच्या सेवांस धोका आणणारा किंवा नियमानुसार चाललेल्या सेवेत गंभीर अथवा वारंवार अडथळा आणणारा तो अपायकारक. बोलीतील ‘वाजंना’ या एका शब्दात या तिन्ही पायऱ्या लुप्त होतात.

बिनतारी चालकांच्या सांकेतिक भाषेने या बाबतीत मोठा संयम दाखवला आहे. १९१२ साली लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वीकारलेल्या ‘क्यू’ संकेतावलीत ‘क्यूआरएम’ याचा अर्थ ‘मला व्यत्यय येत आहे’ एवढाच होतो. वातावरणातील विजेचा खडखडाट असेल, तर त्यासाठी ‘क्यूआरएन’ हा निराळा संकेत आहे. ‘क्यूआरएम’ला १ ते ५ असा अंक जोडून व्यत्ययाची तीव्रता सांगता येते, प्रश्नचिन्ह जोडले की तोच संकेत ‘आपणास व्यत्यय येत आहे काय?’ असा प्रश्न होतो. या संकेतात ‘अमक्यामुळे’ हा घटक नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तसेच ‘क्यूआरपी’ म्हणजे ‘शक्ती कमी करा’ आणि ‘क्यूएसवाय’ म्हणजे ‘दुसऱ्या कंप्रतेवर जा’. पण प्रश्नचिन्ह लागताच ‘मी शक्ती कमी करू काय?’, ‘मी कंप्रता बदलू काय?’ असे त्यांचे रूपांतर होते. आज्ञेचे सौजन्यात होणारे हे रूपांतर शेजारधर्मासही लागू करण्याजोगे आहे.

३. कारणांचे चार वर्ग

पहिला वर्ग प्रक्षेपकातील दोषांचा. कोणताही प्रक्षेपक मूळ कंप्रतेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा गुणित कंप्रतांवरही थोडी ऊर्जा सोडतो. २१ मेगाहर्ट्झची तिप्पट ६३ आणि २८ ची दुप्पट ५६. दूरदर्शनचे भूतल प्रक्षेपण जेव्हा ५४ ते ६१ आणि ६१ ते ६८ मेगाहर्ट्झ या वाहिन्यांवर होत असे, तेव्हा या गुणित कंप्रता थेट चित्रात उतरत. ते प्रक्षेपण आता बंद झाले आहे. परंतु २१ मेगाहर्ट्झची पाचपट १०५ आणि १४ ची सातपट ९८ होते, आणि या कंप्रता आजच्या एफ्‌. एम्‌. पट्ट्यात येतात. येथे एक गणित उद्बोधक ठरेल. ३० मेगाहर्ट्झखालील हौशी केंद्राची अनिष्ट ऊर्जा मूळ शक्तीहून ५० डेसिबलांनी, म्हणजे एक लक्षांशापर्यंत, कमी असली तर १०० वॅटचे केंद्र आंतरराष्ट्रीय मर्यादेत राहते. १०० वॅटचा एक लक्षांश म्हणजे एक मिलिवॅट. क्षीण प्रक्षेपण ऐकणाऱ्या शेजाऱ्याच्या संचास ही एक मिलिवॅटही त्रास देऊ शकते. याचा अर्थ, केंद्र नियमात असणे आणि ते निरुपद्रवी असणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

दुसरा वर्ग ग्राहक संचातील दोषांचा. अर्धलहरी तारेतून १०० वॅट शक्ती सोडली, तर दहा मीटर अंतरावर क्षेत्रतीव्रता स्थूलमानाने दर मीटरास सात व्होल्ट भरते. दूरच्या केंद्राचे कार्यक्रम मात्र काही मिलिव्होल्टांवर ऐकले जातात. हजारपटीहून अधिक असा हा भार स्वस्त संचास पेलवत नाही. ध्वनिवर्धकाच्या तारा आकाशतारेसारखे काम करू लागतात आणि आतील ट्रान्झिस्टर त्या उच्च कंप्रतेचे एकदिशीकरण करून तिचा आवाज बनवतो. येथे प्रक्षेपक पूर्णतः शुद्ध असला तरी व्यत्यय येतोच.

याच वर्गातील दुसरा प्रकार प्रतिमा-कंप्रतेचा. ४५५ किलोहर्ट्झ मध्यम कंप्रता असलेला साधा संच ६,१९० किलोहर्ट्झवर लावला, तर त्यातील आंदोलक ६,६४५ वर चालतो. त्याच्या वर पुन्हा ४५५ किलोहर्ट्झ अंतरावर ७,१०० आहे, आणि ही हौशी पट्ट्यातील कंप्रता होय. संचाचा पुढला टप्पा पुरेसा निवडक नसेल, तर ७,१०० वर बोलणारा हौशी चालक श्रोत्यास ६,१९० वर ऐकू येतो. ‘हा गृहस्थ प्रसारण केंद्राच्या जागेवर येऊन बोलतो,’ असे श्रोता शपथेवर सांगेल. त्याचे कान खरे सांगतात. पण त्याची तबकडी त्याची फसवणूक करते.

तिसरा वर्ग या दोघांच्या मध्ये असणाऱ्या वस्तूंचा. गंजलेला सांधा विजेच्या दृष्टीने एकदिशीकारकासारखा वागतो. आपल्या भागात पत्र्यांची छपरे, पत्र्यांचे गोठे आणि तारांची कुंपणे विपुल आहेत. शुद्ध लहर त्या गंजलेल्या सांध्यावर पडली म्हणजे तेथे तिच्या गुणित कंप्रता उत्पन्न होतात आणि पत्राच त्या पुन्हा प्रक्षेपित करतो. पाऊस पडला, दव पडले, वारा सुटला की व्यत्यय बदलतो, ही याची खूण.

चौथा वर्ग ज्यांचा हौशी केंद्राशी काहीच संबंध नाही अशा कारणांचा : वीजवाहिनीवरील ठिणग्या, रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी लावलेले विद्युतकुंपण, हलक्या प्रतीचे एल्‌. ई. डी. दिवे, भ्रमणध्वनीचे चार्जर, सौर पंपांचे व घरगुती इन्व्हर्टर. यांतील एकही वस्तू ‘प्रक्षेपक’ म्हणून विकली जात नाही. म्हणून तिच्यावर संशयही जात नाही.

४. श्रोत्याच्या शब्दांचे प्रमाण

अभियंता उपकरण घेऊन येईपर्यंत कित्येक आठवडे जातात. तोपर्यंत उपलब्ध असलेला पुरावा म्हणजे श्रोत्याचे शब्द, आणि हा पुरावा समजला जातो तितका दुबळा नाही. मराठीत ध्वन्यनुकारी शब्दांची समृद्धी मोठी आहे. खरखर, घरघर, चरचर, टकटक, कटकट, गुणगुण हे शब्द परस्परांचे पर्याय नव्हेत. प्रत्येकात आवाजाची पोत आणि लय निराळी आहे.

श्रोता ‘खरखर’ किंवा ‘चरचर’ म्हणतो आणि ती दमट हवेत किंवा वाऱ्यात वाढते असे सांगतो, तेव्हा वीजवाहिनीवरील ठिणगीचा विचार प्रथम करावा. ५० हर्ट्झच्या प्रत्येक आवर्तनात ठिणगी दोनदा उडते, म्हणून या आवाजात सेकंदास शंभर झटके असतात आणि कानाला ते सलग घरघरीसारखे भासतात. ‘घड्याळासारखी टकटक, पण जरा सावकाश’ असे वर्णन आले, तर ते सेकंदास सुमारे एक झटका देणाऱ्या विद्युतकुंपणाचे असण्याचा संभव फार. टकटक नियमित नसून तीत लहान व मोठे ठोके मिसळलेले असतील आणि मोठा ठोका लहानाच्या तिप्पट लांबीचा असेल, तर तो मोर्स संकेत होय.

सर्वांत उद्बोधक वर्णन म्हणजे ‘कुणीतरी बोलतंय, पण काय बोलतंय ते कळंना’. हौशी चालक बहुधा एकपार्श्वपट्टी पद्धतीने बोलतात. तीत वाहक लहर दाबून टाकलेली असते आणि एकच पार्श्वपट्टी पाठवली जाते. शेजाऱ्याचा ध्वनिवर्धक या लहरीचे नुसते एकदिशीकरण करतो. तेव्हा बोलण्यातील जोर, विराम आणि अक्षरांची लय शिल्लक राहते. पण स्वरव्यंजनांची ओळख पटवणारी कंप्रतारचना नष्ट होते. परिणाम असा होतो की, हे मानवी भाषण आहे हे श्रोत्यास निश्चित कळते; ते मराठी आहे की कानडी हे मात्र कळत नाही. भाषणाचा लयबंध आणि त्याचे वर्ण हे दोन स्वतंत्र स्तर आहेत, हे आपण वर्गात शिकवतो. त्याचे इतके सहज उदाहरण क्वचितच आढळेल.

उलट, शब्द स्पष्ट कळत असतील तर पूर्ण वाहक असलेले प्रक्षेपण अथवा प्रतिमा-कंप्रता यांचा विचार करावा. शब्द मुळीच न येता मध्येच ‘टक्’ असा आवाज होऊन संच मुका होत असेल, तर कंप्रताविकारी प्रक्षेपणाचा संशय घ्यावा. कारण त्यात लहरीची उंची बदलत नसल्याने एकदिशीकरणातून भाषण निघत नाही.

यास्तव तक्रार लिहून घेणाऱ्याने ‘खराब’, ‘त्रास’, ‘डिस्टर्ब’ या शब्दांवर समाधान मानू नये. श्रोत्याचा मूळ शब्द जसाच्या तसा लिहावा. बोलीचे संकलन करताना आपण जी शिस्त पाळतो, तीच येथेही पाळावयाची आहे.

५. कारणाची परीक्षा

वर्णन हाती आल्यावर परीक्षेस प्रारंभ करावा. हौशी केंद्राने प्रत्येक प्रक्षेपणाची नोंदवही ठेवावी, असा दंडक १९७८ च्या नियमांनी घातला. श्रोत्यानेही तशीच एक वही ठेवावी : तारीख, मिनिटापर्यंत वेळ, कोणता संच, कोणता आवाज, हवामान. आठवड्याने दोन्ही वह्या शेजारी ठेवाव्यात. केंद्र बंद असतानाही व्यत्यय नोंदलेला असेल, तर त्या वेळेपुरते तरी ते केंद्र निर्दोष ठरते.

वेळा जुळल्या म्हणजे कारण सिद्ध झाले, असे मात्र समजू नये. केंद्र संध्याकाळी निम्मा वेळ चालू असेल, तर एखादी वेळ केवळ योगायोगानेही जुळेल. म्हणून परीक्षा पुढील रीतीने घ्यावी. चालकाने एकेक मिनिटाचे दहा कालखंड ठरवून प्रत्येक वेळी नाणे उडवावे : छाप आल्यास प्रक्षेपण करावे, काटा आल्यास स्वस्थ बसावे. श्रोत्याजवळ बसलेल्या त्रयस्थाने दहाही खंडांत व्यत्यय ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहावे. केवळ अंदाजाने दहाही उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १,०२४ त एक एवढीच असते. दहाही जुळली, तर चालकाने वाद घालू नये. पाचसहाच जुळली, तर श्रोत्याने आग्रह धरू नये. या परीक्षेचा एक गौण लाभ असा की, भांडणासाठी एकत्र आलेली माणसे एका कामासाठी एकत्र बसतात.

केंद्राचा संबंध सिद्ध झाला, तरी दोष कोठे आहे हे ठरावयाचे राहते. त्यासाठी काही साधे प्रश्न पुरतात. व्यत्यय तबकडीवर सर्वत्र येतो की एकाच ठिकाणी? सर्वत्र येत असेल तर संचावर अतिभार पडतो आहे. एकाच ठिकाणी येत असेल तर गुणित कंप्रता किंवा प्रतिमा-कंप्रता. आवाजाची खुंटी शून्यावर आणली तरी तो ऐकू येतो काय? येत असेल, तर लहर खुंटीनंतरच्या भागात, बहुधा कर्ण्याच्या तारेतून, शिरते आहे. गल्लीतील एकाच घराचा संच बिघडतो की सर्वांचे? एकच बिघडत असेल तर त्या संचाकडे पाहावे. सर्वच बिघडत असतील तर प्रक्षेपकाकडे.

भारनियमनाची जी गैरसोय आपण सोसतो, तिचाही येथे उपयोग आहे. वीज गेली असता विद्युतघटावरील संच लावून पाहावा. खरखर तत्काळ थांबली, तर उगम विजेवर चालणाऱ्या एखाद्या वस्तूत आहे. त्याच वेळी हौशी चालकाने आपला प्रक्षेपक विद्युतघटावर चालवावा. व्यत्यय पुन्हा उद्भवला नाही, तर त्याचे नाव वगळावे. त्याच रीतीने घरातील मुख्य बटण बंद करून आपल्याच घरातील दोषी वस्तू शोधता येते. हे काम पुष्कळदा अपेक्षेपेक्षा लवकर संपते.

६. उपाय

निदान झाले म्हणजे उपाय सहसा स्वस्त असतात. दोष प्रक्षेपकात असेल तर चालकाने आकाशतारेच्या वाटेवर ३० मेगाहर्ट्झवरील ऊर्जा अडवणारी गाळणी बसवावी, ध्वनिग्राहकाची पातळी उतरवावी, भूसंयोजन व जोड तपासावेत आणि काम भागेल एवढीच शक्ती वापरावी. शक्ती १०० वरून २५ वॅटवर आणली, तर क्षेत्रतीव्रता निम्मी होते. तार घरांपासून दूर व उंच नेल्यासही तोच लाभ मिळतो, कारण अंतर दुप्पट झाले की तीव्रता निम्मी होते.

दोष ग्राहक संचात असेल, तर कर्ण्याच्या व विजेच्या तारेस फेराइटच्या कड्याभोवती सात-आठ वेढे द्यावेत. दूरचित्रवाणीच्या केबलचे सैल जोड घट्ट करावेत. केबलमधून वाहणाऱ्या वाहिन्यांचा पल्ला हौशी चालकांच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ या पट्ट्यावरून जातो आणि सैल जोडातून ती लहर आत शिरते. दोष पत्र्याच्या सांध्याचा असेल, तर गंज घासून पत्रे एकमेकांशी तारेने पक्के जोडावेत किंवा पूर्ण विलग करावेत.

दोष शेजाऱ्याच्या संचात आहे, म्हणून चालकाची जबाबदारी संपली असे तंत्रतः म्हणता येईल. परंतु ज्यास विद्या अवगत आहे, त्याने फेराइटचे कडे स्वतः नेऊन बसवून द्यावे, हेच शोभून दिसते. सर्व उपाय थकले, तरच प्रकरण केंद्र शासनाच्या बिनतारी नियोजन व समन्वय विभागाकडे न्यावे. दोन्ही वह्या आणि परीक्षेचा तक्ता सोबत असला, तर त्या अर्जास वजन येते.

व्यत्ययाची दिशा आता पुष्कळ अंशी उलटली आहे, हेही नमूद केले पाहिजे. स्वस्त चार्जर आणि दिवे यांच्या गोंगाटात हौशी चालकालाच दूरची क्षीण केंद्रे ऐकू येईनाशी झाली आहेत. विजेच्या उपकरणांपासून अपायकारक व्यत्यय होऊ नये म्हणून शक्य ती उपाययोजना करण्याचे उत्तरदायित्व आंतरराष्ट्रीय विनियमांनी शासनांवर टाकलेले आहे. आपत्तीच्या वेळी येणारा साहाय्याचा संदेश बहुधा क्षीणच असतो. तो ऐकू यावयाचा, तर गावातील हा गोंगाट कमी असणे आवश्यक आहे.

७. आपल्या क्षेत्रकार्यापुरते

हे सर्व विवेचन आपल्या ध्वनिमुद्रणांस तंतोतंत लागू पडते. ध्वनिग्राहकाची लांब, अनावृत तार ही आकाशतारच होय. निवेदकाच्या खिशातील भ्रमणध्वनी दुसऱ्या पिढीच्या जाळ्यावर असेल, तर तो ४.६१५ मिलिसेकंदांनी एकेक स्पंद सोडतो. त्याची कंप्रता सुमारे २१७ हर्ट्झ येते. स्त्रियांच्या बोलण्याची मूलकंप्रता सर्वसाधारणपणे २०० हर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे सूर मोजणारी संगणकीय आज्ञावली निवेदिकेच्या आवाजाऐवजी भ्रमणध्वनीचीच गुणगुण मोजू लागण्याचा धोका खरा आहे. मराठवाड्यातील प्रश्नार्थक वाक्यांचा सूर सपाट आहे, असा निष्कर्ष अशा मुद्रणावरून कोणी काढला, तर तो सपाटपणा भ्रमणध्वनीचा असेल.

तेव्हा विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. भ्रमणध्वनी केवळ मुका न करता बंद करावा किंवा खोलीबाहेर ठेवावा. ध्वनिग्राहकाची तार आखूड, आवृत आणि संतुलित असावी. मुलाखतीपूर्वी एक मिनिट कोणीही न बोलता मुद्रण करावे आणि ते कर्णसंपुटातून ऐकावे. खोलीत काय शिरले आहे ते त्या एका मिनिटात कळते.

आणि टिपणवहीत ‘बाहेरील केंद्रामुळे मुद्रण खराब’ असा शेरा लिहू नये. आवाज कसा होता, केव्हा सुरू झाला, केव्हा थांबला, वीज होती की नव्हती, एवढेच लिहावे. कारणाचा रकाना परीक्षा होईपर्यंत कोरा ठेवावा.